दोन हंगामांचे ब्रश पंधरवड्यात का संपले?

डीसी मोटारीतला ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा ठोकळा, झिजण्यासाठीच असतो, प्रश्न फक्त वेगाचा. मोटार ठाकठीक असेल तर इलेक्ट्रोग्राफाइटचा (भट्टीत तापवून ग्राफाइट केलेल्या कार्बनचा) ब्रश हजार तासांना तीन-चार मिमी झिजतो. ५० मिमी लांबीच्या ब्रशात २५ मिमी वापरण्याजोगे धरले, तर सहा ते आठ हजार तास निघतात. साखर कारखान्याच्या हिशेबात हे दोन गाळप हंगाम झाले. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यात ऊस पिळणाऱ्या मिलांच्या ओळीतल्या दुसऱ्या मिलच्या मोटारीला हेच २५ मिमी पंधरवडाभरही पुरत नव्हते. दिवसाला जवळपास दोन मिमी कार्बन उडत होता, म्हणजे नेहमीच्या वीस-पंचवीस पट.

मोटार ७५० किलोवॉटची, आर्मेचरला (फिरत्या भागाला) ६०० व्होल्ट, मिनिटाला १००० फेरे. सहा पोल (चुंबकाचे ध्रुव), सहा ब्रश-आर्म (ब्रश धरणारे दांडे), दर आर्मवर सहा ब्रश, असे एकूण ३६. ब्रशचा छेद २० बाय ३२ मिमी. थंडाव्याची हवा बंद चक्रात फिरते आणि डोक्यावरच्या पाण्याच्या कूलरमधून निवते. मिल हाऊसमध्ये बगॅसची (उसाच्या चोथ्याची) धूळ इतकी असते की उघड्या मोटारीचा फिल्टर सारखा झाडावा लागतो, म्हणून मोटार अशी बंद.

आम्ही तपासायला पोचलो तोवर तिथल्या माणसांनी नेहमीचे तिन्ही उपाय करून पाहिले होते. ब्रशची मेक बदलली, कम्यूटेटरला (तांब्याच्या पट्ट्यांचा, म्हणजे बारांचा, फिरता दंडगोल; ब्रश यावरच घासतो) पॉलिश पेपर लावला, स्प्रिंगा नव्या टाकल्या. झीज जिथल्या तिथे. ही माहिती फुकट गेली नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे ब्रश एकाच वेगाने झिजत असतील तर ब्रशवरचा संशय निम्मा तिथेच फिटतो. उरलेला निम्मा तिसऱ्या मिलच्या मोटारीने फेडला. तीच मेक, तीच क्षमता, एकाच छपराखाली, आणि तिच्यात स्टोअरमधल्या त्याच खोक्यातले ब्रश बसवलेले. तिचे ब्रश महिन्याभरात जेमतेम अडीच मिमी झिजले होते.

तपासणीला कारखान्याच्या क्लीनिंगचा दिवस मिळाला. गाळप दहा-बारा तास थांबणार, यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, त्यामुळे चीफ इंजिनियर साहेबांचा एकच धोशा: संध्याकाळी मिल फिरली पाहिजे.

झाकणे उघडण्याआधी वीज तोडली. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. ड्राइव्हचा (मोटारीला डीसी वीज देणाऱ्या यंत्रणेचा) ब्रेकर पाडला, फील्डचा (चुंबकाच्या वाइंडिंगचा) पुरवठा काढला, तरी मोटारीच्या आतले स्पेस हीटर (ओल धरू न देणारे छोटे हीटर) जिवंत असतात. ते वेगळ्या २३० व्होल्टच्या सर्किटवर असतात आणि मोटार बंद झाली की आपोआप चालू होतात. त्यांचा फ्यूज स्वतः काढून खिशात ठेवावा. या हीटरचा संबंध पुढे दुसऱ्याच कारणाने आला.

झाकण उघडले की हात आधी कापडाकडे जातो. तो आवरावा. पुसण्याआधी जे दिसते तोच पुरावा. आम्ही आर्मना खडूने अ, आ, इ, ई, उ, ऊ अशी नावे दिली, प्रत्येकावर गिअरबॉक्सच्या बाजूने १ ते ६ आकडे टाकले आणि ३६ ब्रशांची लांबी व्हर्नियरने मोजून कागदावर मांडली. अर्ध्या तासाचे काम आहे, पण निदानाचा मोठा भाग यातच उरकतो.

एकच ब्रश जास्त झिजला असेल तर त्याची स्प्रिंग, होल्डर किंवा पिगटेल (ब्रशला जोडलेली लवचीक तांब्याची वायर) पाहायची. पिगटेल निळसर पडलेली असेल तर तो ब्रश शेजाऱ्यांचा करंट ओढतो आहे. अशा वेळी दोष बहुधा त्याच्यात नसतो, काम चुकवणाऱ्या शेजाऱ्यांत असतो. एक अख्खा आर्म जास्त झिजला असेल तर आर्मचे अंतर, जोडपट्टीचे बोल्ट किंवा त्या पोलखालचा एअर गॅप (पोल आणि आर्मेचरमधली फट) बघायचा. सगळ्या आर्मवरचा एकच ट्रॅक (एकाच आकड्याचे ब्रश) झिजला असेल तर कम्यूटेटरवर त्या जागी चर पडलेला असतो किंवा तेल गळत असते. आणि कम्यूटेटरच्या ठरावीक बार मोटारीच्या पोलांच्या हिशेबाने, सारख्या अंतराने काळ्या पडल्या असतील तर ब्रश सोडून आर्मेचरकडे वळायचे. तिथे राइझरचा (वाइंडिंग आणि बार जोडणाऱ्या पट्टीचा) सांधा सुटलेला किंवा इक्वलायझर (समान व्होल्टेजच्या बिंदूंना जोडणारी तार) तुटलेला निघतो.

आमच्या कागदावर यातले काहीच नव्हते. ३६ पैकी ३६ ब्रश दीड मिमीच्या फरकात एकसारखे झिजलेले, पॉझिटिव्ह आर्म काय आणि निगेटिव्ह काय. इतकी समान झीज म्हणजे कारण सगळ्या ब्रशांना एकाच वेळी भेटणारे हवे. अशा गोष्टी मोजक्याच: करंट, ड्राइव्हमधून येणारे रिपल (करंटमधल्या लाटा), कंपन, कम्यूटेटरचा पृष्ठभाग आणि हवा.

तरी यांत्रिक तपासण्या पूर्ण केल्या, कारण एका मोटारीत दोन दोष नांदू शकतात. कम्यूटेटरवर डायल गेज लावला, टोकाला फायबरचा तुकडा, आणि कपलिंगच्या पिना काढून शाफ्ट हाताने फिरवला. एकूण रनआउट (गोलाईतली चूक) ०.०४ मिमी. या आकाराला ०.०७ पर्यंत चालते. खरी काळजी शेजारच्या दोन बारांमधल्या पायरीची असते. ती ०.००५ मिमीच्या वर गेली की ब्रश उड्या मारतो. इथे गेजचा काटा कुठेही झटकला नाही. बारांमधला मायका (विद्युतरोधक थर) बारच्या पातळीखाली एक मिमीहून थोडा खोल, कुठेही वर आलेला नाही. होल्डर आणि कम्यूटेटरमधले अंतर अडीच मिमी, बरोबर.

स्प्रिंगचा दाब मोजायची साधी रीत अशी: ब्रशखाली कागदाची पट्टी सरकवायची, स्प्रिंग जिथे ब्रशवर टेकते तिथे स्प्रिंग काटा अडकवून ब्रशच्या रेषेत सरळ वर ओढायचे आणि पट्टी सैल सुटते त्या क्षणी आकडा वाचायचा. इलेक्ट्रोग्राफाइटला दर चौरस सेंटीमीटरला १८० ते २५० ग्रॅम दाब लागतो. इथे छेद ६.४ चौ.सेंमी., म्हणजे काट्यावर साधारण १.१५ ते १.६ किलो यायला हवे. सगळे आकडे १.२ ते १.३५ च्या आत होते. नव्या स्प्रिंगांचा खर्च वाया, पण बिघाड काही नाही. दाब कमी पडला तर ठिणग्यांनी ब्रश जळतो आणि जास्त झाला तर घासून संपतो. त्यामुळे ‘जरा घट्ट करून बघू’ हा उपाय न मोजता कधीच करू नये.

करंटचा हिशेब कागदावर झाला. पूर्ण भाराला सुमारे १३३० अँपियर. तो तीन पॉझिटिव्ह आर्मवरच्या १८ ब्रशांत, म्हणजे ११५ चौ.सेंमी.त वाटला जातो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साडेअकरा अँपियर. ड्राइव्हच्या नोंदीत रोजचा भार ७०० ते ७५० अँपियर दिसत होता, म्हणजे सहा-साडेसहा. हा आकडा मी नेहमी आधी काढतो, कारण मोठ्या मोटारी भारापेक्षा हलक्या भाराने जास्त बिघडतात. करंट चार अँपियरच्या खाली बराच काळ राहिला की ब्रशचा चेहरा थंड पडतो, फिल्म (कम्यूटेटरवरचा पातळ थर) नीट बांधली जात नाही, तांब्यावर बारीक आटे पडतात आणि ब्रश भुकटी होऊन उडतो. अशा ठिकाणी प्रत्येक आर्मवरचा त्याच ट्रॅकचा एकेक ब्रश काढून घनता वाढवता येते. पण पूर्ण भाराचा हिशेब मांडल्याशिवाय हे करू नये. इथे तशी गरजच नव्हती.

ड्राइव्हची शंका स्कोपने (विजेची लाट दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपने) मिटवली होती. सहा पल्सच्या ड्राइव्हमध्ये आर्मेचर करंटवर ३०० हर्ट्झची सारखी लाट दिसते. एखादा थायरिस्टर (ड्राइव्हमधला विजेचा इलेक्ट्रॉनिक स्विच) पेटत नसेल तर लाटेत खाच पडते आणि ५० हर्ट्झचे हेलकावे येतात. आदल्या दिवशी चालू भारावर पाहिलेली लाट स्वच्छ होती. न्यूट्रलही (ब्रश ठेवायची नेमकी जागा, जिथे ठिणग्या कमीत कमी पडतात) तपासली. आर्मेचर ड्राइव्हपासून तोडले, फील्डला थोडा डीसी देऊन स्विच चालू-बंद केला आणि लगतच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आर्ममध्ये मिलिव्होल्टमीटर धरला. काटा कमीत कमी उडतो ती न्यूट्रल. रॉकर (सगळे आर्म धरणारे कडे) मोटार बनवणाऱ्यांच्या मूळ खुणेवरच होता आणि काटा जेमतेम हलत होता. मात्र ही चाचणी ब्रश पूर्ण बसलेले असतील तरच खरी. नवे, कोरे ब्रश टाकून केली तर ती हमखास चकवते.

आता उरली हवा.

साखर कारखान्यात हवेचे नाव निघाले की बोट सल्फरकडे जाते. रस पांढरा करायला सल्फर जाळून सल्फर डायऑक्साइड देतात आणि त्याचा वास सगळीकडे असतो. साहेबांचाही तोच तर्क होता. पण गंधकाच्या वायूने कम्यूटेटरवर काळी, जाड फिल्म चढते. इथे फिल्म जाड नव्हती, जवळजवळ नव्हतीच. तांबे मळकट आणि निस्तेज, ब्रशचा चेहरा कोरडा. दहापट भिंगातून फिरण्याच्या दिशेने केसासारखे ओरखडे दिसले, कडा जळालेल्या नाहीत, तांब्याचे कण रुतलेले नाहीत. खाली मात्र कार्बनच्या भुकटीचा थर. शिवाय तोच वायू शेजारच्या मोटारीच्या आसपासही होता आणि ती सुखात होती.

फिल्म म्हणजे कम्यूटेटरवरची तपकिरी, चॉकलेटी झाक. तांब्याचा ऑक्साइड, ग्राफाइट आणि हवेतली वाफ मिळून ती बनते. यातली वाफ लोकांच्या लक्षात येत नाही. ग्राफाइट आपोआप गुळगुळीत नसतो, पाण्याची वाफ असेल तरच तो घसरतो. दुसऱ्या महायुद्धात खूप उंच उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे ब्रश तिथल्या कोरड्या हवेत काही तासांत भुकटी होऊन संपायचे. पुढे ब्रशमध्ये वेगळे मसाले भरून ती अडचण सुटली. म्हणून आर्द्रताही मोजली. २६ अंशाला ४० टक्के, म्हणजे घनमीटरला साधारण दहा ग्रॅम पाणी. ब्रशला आठ ते पंधरा मानवते. कोरडेपणाही नाही.

मग फरक शोधला तो या दोन मोटारींच्या इतिहासात. ऑफ-सीझनच्या कामांच्या वहीत तिसऱ्या मिलच्या मोटारीपुढे फक्त ‘साफसफाई, मेगर’ (इन्सुलेशनच्या रोधाची मोजणी) होते. दुसऱ्या मिलच्या मोटारीपुढे एक ओळ जास्त: कूलरच्या दोन नळ्या गळत होत्या, कूलर उतरवून नळ्यांना प्लग मारले, पुन्हा बसवला.

कूलरच्या फ्लँजला (बोल्टने जोडायच्या कडेला) बाहेरून टॉर्च लावली तर सांध्यातून दुधी, रबरासारखी पट्टी डोकावत होती. बोटाने दाबली, लवचीक. तपासणीच्या खिडक्यांच्या काचेभोवती तेच. आतून बघितले तर बोल्ट आवळताना बाहेर दबलेला माल थेट हवेच्या मार्गात लोंबत होता. जुने गॅस्केट उतरवताना फाटले, शीट स्टोअरमध्ये नव्हती, म्हणून बाजारात सहज मिळणारी सिलिकॉन सीलंटची ट्यूब वापरली होती.

फिटर मामांना विचारले तर ते म्हणाले, “गळती बंद झाली की साहेब. धूळ येत नाही आत.” त्यांचे बरोबरच होते. पाण्याला आणि धुळीला यापेक्षा चांगली बूच नाही. कम्यूटेटर असलेल्या यंत्राला ती चालत नाही हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते, आणि ट्यूबवरही तसे काही छापलेले नव्हते.

घडते ते असे. सिलिकॉनमधून हलकी द्रव्ये वाफ होऊन सुटत राहतात, वास गेल्यावरसुद्धा. ही वाफ ब्रशखाली पोचली की तिथली उष्णता आणि सूक्ष्म ठिणग्या तिचे सिलिका करतात. सिलिका म्हणजे वाळूच, फक्त अतिशय बारीक. ती फिल्म खरवडते, कार्बन खाते आणि वीजवाहक नसल्याने ठिणग्या वाढवते. ठिणग्या वाढल्या की आणखी सिलिका. उघड्या मोटारीत बरीचशी वाफ बाहेर निघून जाते. बंद चक्रात तीच हवा पुन्हा पुन्हा कम्यूटेटरवरून फिरते. त्यात मोटार बंद असताना हीटर आतली हवा कोमट ठेवतात, म्हणजे ऑफ-सीझनमध्ये ती वाफ आत साठत गेली असणार. ब्रश सच्छिद्र असतो, तो ती शोषूनही घेतो. हीटरच्या वायरींवरही सिलिकॉन रबरचेच वेष्टण निघाले. ते मूळचे होते की नंतर बदललेले, याची नोंद सापडली नाही, काढून टाकले.

दुपारपासून काम भराभर झाले. कूलर पुन्हा उचलला, फ्लँज आणि खिडक्यांवरचा सगळा सीलंट खरवडून काढला. धातूची पाती वाइंडिंगच्या बाजूला चालवायची नाही, तिथे लाकडी पट्ट्या वापरल्या. धातूचे भाग सॉल्व्हंटने दोनदा पुसले, दर वेळी नवे कापड, कारण त्याच कापडाने सिलिकॉन नुसता पसरतो. कूलरच्या नळ्यांवरच्या पातळ पत्र्याच्या फिन बाहेर नेऊन धुतल्या आणि वाळवल्या. जागेवर तीन मिमी निओप्रीन रबराच्या शीटचे गॅस्केट कापून बसवले, हीटरला काचतंतूच्या नळीतल्या वायरी टाकल्या. कार्बनची भुकटी आधी व्हॅक्यूमने ओढली आणि मग कमी दाबाची कोरडी हवा मारली. उलट क्रमाने केले तर सगळी भुकटी वाइंडिंगच्या फटींत जाऊन बसते. सकाळी मेगर अर्ध्या मेगओमवर होता. या व्होल्टेजला किमान १.६ लागतो. सफाई आणि हीटरच्या उबेनंतर तो चारवर आला.

जेमतेम आठवडा वापरलेले ब्रश फेकायला सांगितले तेव्हा थोडी कुरबुर झाली. ३६ मोठ्या ब्रशांची किंमत कमी नसते. पण वाफ प्यालेले ब्रश परत बसवले तर दोष त्यांच्यासोबत परत येतो, म्हणून यात तडजोड नाही. कम्यूटेटरला हलका हँड स्टोन (हाताने घासायचा दगड) देऊन सिलिका असलेला वरचा थर काढला आणि खाचा झाडायच्या ब्रशने साफ केल्या. तिथे एमरी पेपर पडला होता तो बाजूला ठेवला. एमरीचे कठीण कण तांब्यात आणि ब्रशमध्ये रुतून बसतात. वाळूचा किंवा गार्नेटचा कागद वापरावा. नवे ब्रश बसवायलाही तोच: कम्यूटेटरवर कागदाची पट्टी, खरखरीत बाजू ब्रशकडे, आणि फिरण्याच्या दिशेनेच ओढायची. परत नेताना ब्रश उचलायचा, नाहीतर चेहऱ्याच्या कडा गोल होतात. तीन चतुर्थांश चेहरा टेकल्याशिवाय भार द्यायचा नाही. पहिल्या काही तासांत गाळप जरा कमी दराने ठेवायला साहेब तयार झाले, त्यामुळे फिल्म धरायला अवसर मिळाला. पहिले काही दिवस दोन खिडक्यांना फिल्टरचे कापड लावून थोडी बाहेरची हवा येऊ दिली, म्हणजे वाइंडिंगच्या वार्निशमध्ये जिरलेली वाफ बाहेर पडावी.

दुसऱ्या दिवशी झीज मोजायचा मोह होतो, पण ते निरर्थक आहे. चोवीस तासांची नेहमीची झीज ०.१ मिमी असते, व्हर्नियरच्या चुकीइतकीच. शिवाय नवा ब्रश बसताना थोडा जास्त झिजतोच. दिवसाला दोन मिमी जात होते ते थांबले, इतकेच तेव्हा कळले. खरा आकडा पुढच्या क्लीनिंगला आला: ३२० तासांत सरासरी १.३ मिमी, म्हणजे हजार तासांना चारच्या आसपास. कम्यूटेटरवर फिकट तपकिरी झाक धरली होती. खिडक्यांचे कापड काढून झाकणे लावली. ‘ई’ आर्मचे ब्रश बाकीच्यांपेक्षा ०.३ मिमी जास्त झिजलेले होते. त्या आर्मच्या जोडपट्टीचे बोल्ट आवळले आणि तो आकडा पुढच्या मोजणीसाठी वहीत वेगळा लिहून ठेवला. त्याच पानावर तिसऱ्या मिलच्या कूलरच्या फ्लँजची मापे घेतली, कारण येत्या ऑफ-सीझनला तोही उघडणार होता. निओप्रीनच्या शीटची मागणी त्याच दिवशी स्टोअरला गेली.